डिसेंबरात गोसेखुर्दला विंडफॉइल: बोर्ड का उठत नाही, आणि सकाळी नदीकाठाने काय पाहाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यावर डिसेंबरात विंडफॉइल न्यायचं आहे, म्हणजे शिडाचा असा बोर्ड, ज्याच्या खाली मास्ट नावाच्या उभ्या दांड्यावर पुढे-मागे दोन पंख असतात आणि वेग आला की ते बोर्डाला पाण्यावर उचलतात. वजन ७८ किलो, बोर्ड १३० लिटर, शीड ६ चौरस मीटर, पुढचा पंख ९०० चौरस सेंटिमीटर. आठ-नऊ नॉट (ताशी साधारण १५-१७ किलोमीटर) वाऱ्यात बोर्ड उठत नाही, उठला तर नाक आपटतं. सोबत घरची मंडळी आहेत, त्यांना नदीकाठी फिरवायचं आहे.

आधी वेळ ठरवा, दोन्ही कामं तिच्यावरच आहेत. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन तळाशी बसते आणि वरचा वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. म्हणून सकाळी पाणी आरशासारखं असतं. ऊन चढलं, जमीन तापली, की हवा वर-खाली घुसळते आणि तो वारा पाण्यापर्यंत उतरतो. हे साधारण साडेदहा-अकराला होतं, आणि चारनंतर वारा पुन्हा पडतो. तेव्हा साडेसहा ते साडेनऊ नदीकाठ, अकरा ते साडेतीन फॉइल. सकाळी आठला शीड चढवून बसाल तर दमून जाल, पदरात काही पडणार नाही.

वारा जोखताना पिंपळाकडे पाहू नका, त्याचं पान नुसत्या झुळुकीनेही सळसळतं. आंब्याची किंवा कडुनिंबाची बारीक डहाळी सतत हलत असेल आणि हलका झेंडा ताणून उभा राहत असेल, तर सात ते दहा नॉट समजा. झाडांच्या किंवा बांधाच्या आडोशाला उतरू नका. दहा मीटर उंच झाडांमागे निदान शंभर मीटरपर्यंत वारा तुटक येतो.

आता बोर्ड न उठण्याचं कारण. तुमचं शीड ठीक आहे, पंख लहान आहे. पॅरिस २०२४ च्या ऑलिंपिकमधल्या आयक्यूफॉइल वर्गात ९०० चाच पंख होता, पण त्यावर पुरुषांचं शीड ९ चौरस मीटरचं आणि महिलांचं ८ चं, आणि चालवणारे पंपिंगमध्ये, म्हणजे शीड ओढून आणि बोर्ड दाबून उचल मिळवण्यात, तयार झालेले. तुमच्या वजनाला ६ च्या शिडावर १५०० ते १८०० चा पंख लावा. मोठा पंख कमी वेगात उचलतो. वरचा वेग कमी होईल, पण इथे वेग हवाय कोणाला! नवा पंख लगेच मिळत नसेल तर मागच्या पंखाला, उचल वाढेल अशा बाजूने, अर्ध्या ते एक अंशाची शिम (पातळ पाचर) घाला आणि शिडाच्या खांबाचा पाया दोन-तीन सेंटिमीटर मागे सरकवा. नाकावरचा भार उतरतो.

पंपिंग बहुतेकांचं इथेच चुकतं: एकाच वेळी हातही ओढतात आणि पायही दाबतात. आधी वारा अंगावर आडवा घ्या, मग नाक किंचित वाऱ्यापासून दूर, वारा जातो त्या बाजूला, वळवून झुळकीची वाट पाहा. पाण्यावर गडद पट्टा सरकत येताना दिसतो, तो पोहोचला की मागच्या हाताने शीड तीन-चार वेळा झटक्यात ओढा. बोर्डाखालचा छपछप आवाज बारीक झाला म्हणजे वेग आला. तेव्हा, आणि तेव्हाच, मागच्या पायाने एकदा दाब द्या. नाक उचललं की त्याच क्षणी वजन पुढच्या पायावर आणा. हे उशिरा झालं तर बोर्ड चढतच जातो, पंखाचं टोक पाण्याबाहेर येतं, त्यावर हवा शिरते, उचल एकदम संपते आणि नाक आपटतं. तुमचा दुसरा प्रश्न हाच. सुरुवातीला तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीवरच राहा, पायाचे पट्टे लावू नका, आणि हेल्मेट व लाइफ जॅकेट घालाच, कारण पडताना पाय आणि डोकं मास्टजवळ जातं.

गोसेखुर्दचा खरा धोका पाण्याखाली आहे. बुडीत गावांची झाडं, खुंटं, भिंतींचे अवशेष तिथे आहेत. रब्बीला पाणी सुटलं की पातळी उतरते, म्हणजे मागच्या महिन्यात सुरक्षित असलेली जागा या महिन्यात तशी राहत नाही. मास्ट ८५-९५ सेंटिमीटर आणि खाली पंख. किमान दोन मीटर पाणी हवं. दोरीला दगड बांधा, दर अर्ध्या मीटरला गाठ मारा आणि डोंग्यातून जाऊन तुम्ही फिराल त्या पट्ट्यातली खोली मोजून घ्या. डोंगा चालवणाऱ्या ढिवरबांधवांना रीतसर पैसे देऊन दिवसभर सोबत ठेवा. जाळी कुठे टाकली आहेत हे त्यांनाच माहीत. संध्याकाळी टाकून पहाटे काढतात, पण काही दिवसाही राहतात. वर एखादी प्लास्टिकची बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा तरंगतो, तोच इशारा. पंख अडकला तर तुम्ही पुढे फेकले जाता आणि त्यांचं जाळं फाटतं. भरपाई जागेवरच द्या. उतरण्याआधी जलसंपदा विभागाची परवानगी विचारा आणि धरणाच्या दारांच्या जवळ फिरकू नका.

नागनदीचं सांडपाणी कन्हानमार्गे इथे येतं, त्यामुळे जलपर्णीही आहे. बोर्ड थरथरला किंवा एका अंगाला ओढला तर मास्टवर मुळं गुंडाळलेली असतात. बोर्ड आडवा करून काढा. मामा (माजी मालगुजारी) तलावांवर फॉइल नेऊच नका, उथळ असतात आणि वनस्पतींनी भरलेले.

आता सकाळचा काठ. वैनगंगा इथे साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते, म्हणून पूर्वेच्या काठावरून चाला. ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. मंडळींसाठी जाऊन-येऊन तीन किलोमीटर पुरे. धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरू नका, पाणी सुटू शकतं. रेती काढलेल्या जागी काठालगतच खोल खड्डे असतात, पोरांचा हात सोडू नका.

चक्रवाकांच्या जोड्या रेतीवर दिसतील, नारिंगी-तपकिरी, आवाज लांबून येतो. कवड्या खंड्या एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सरळ खाली सुटतो. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीत मधे फट असते. तो जिथे चरतो तिथे मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख पडलेले मिळतात. मुलांना ते उचलून पाहू द्या, बहुतेक शंख न फोडता आतला जीव काढलेला असतो. ओल्या रेतीत पाच बोटांचा, बोटांमध्ये पडद्याची रेघ असलेला ठसा, आणि जवळच्या खडकावर माशांच्या खवल्यांनी भरलेली उग्र वासाची विष्ठा दिसली तर तिथे पाणमांजर आहे. कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांत सारस दिसला तर रस्त्यावरूनच पाहा, आणि जागा कुठेही लिहू नका.

दुपारी फॉइलवर असताना बदकांच्या थव्यापासून दोनशे-तीनशे मीटर लांब राहा. शीड दिसलं की ती सगळी उठतात.

निघताना पंख आणि मास्टच्या सांध्यातला गाळ धुवा, स्क्रूंना ग्रीस लावा, आणि जलपर्णीचा एकही तुकडा राहू देऊ नका. कोंब असलेला तुकडा चिकटून दुसऱ्या तलावात गेला तर तिथेही ती पसरते.