अंपायरनी डावा हात काढला, मग खेळ का नाही थांबवला?

प्रश्न : गांधी मैदानावर मुलींची सॉफ्टबॉल मॅच होती. माझी मुलगी सेकंड बेसवरून थर्ड बेसकडं पळत होती आणि त्यांची थर्ड बेसवाली बॉल यायच्या आधीच वाटेत उभी, त्यामुळं हिला वळसा मारावा लागला. अंपायरनी डावा हात आडवा केला, मूठ वळलेली, पण खेळ चालूच. थर्डच्या अलीकडंच हिला टॅग (बॉल हातात घेऊन केलेला स्पर्श) लागला तरी आउट न देता थर्ड बेस दिला. समोरचे म्हणाले धक्का लागलाच नाही आणि बॉल येतच होता. कोण बरोबर?
- एक पालक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : अंपायरच बरोबर, आणि खेळ थांबवला नाही हे तर फारच चांगलं केलं. याला ऑब्स्ट्रक्शन म्हणतात. फिल्डरच्या हातात बॉल नाही, ती बॅटनं मारलेला बॉलही अडवत नाहीये आणि तरी तिच्यामुळं रनरची चाल मोडली, की झालं, धक्का लागायलाच पाहिजे असं काही नाही. "बॉल येतच होता" हे पूर्वी काही नियमांत चालायचं, अमेरिकेतल्या ASA या सॉफ्टबॉल संघटनेच्या नियमांतून ते 2004 ला काढलं, आता बॉल हातात पाहिजे म्हणजे पाहिजेच.

तो आडवा हात म्हणजे डिलेड डेड बॉल, म्हणजे चूक दिसली पण खेळ नंतर थांबवणार. खेळ लगेच थांबवला तर ज्या रनरला आणखी पुढं जाता आलं असतं तिचंच नुकसान, म्हणून अंपायर बघत राहतात आणि अडथळा नसता तर ही कुठपर्यंत पोचली असती ते मनात ठरवतात. त्या बेसच्या आधी टॅग लागला तर तिथं डेड बॉल देऊन, म्हणजे खेळ थांबवून, तो बेस द्यायचा. ज्या दोन बेसच्या मधे अडवलं तिथं तिला सहसा आउट देता येत नाही, पण बेसला पाय न लावता गेली किंवा तिनंच पुढं फिल्डरला अडवलं तर आउट होऊ शकते बरं का. आणि मिळणाऱ्या बेसच्या पुढं स्वतःहून पळाली तर ती तिची जबाबदारी.

उलटं पण सांगतो, फिल्डर बॅटचा बॉल उचलायला गेली असेल तर वाट तिची, रनरनं चुकवून जायचं, नाहीतर इंटरफेरन्स, म्हणजे रनरनं फिल्डरला अडवणं, आणि रनर आउट. आपल्याकडं शाळेच्या मॅचमधे सगळ्यात जास्त भांडणं याच दोन्हीत गल्लत झाल्यानं होतात आणि शिव्या बिचाऱ्या अंपायरला! बॉल नसताना खोटा टॅग दाखवला तरी ऑब्स्ट्रक्शनच.

मुलीला एवढंच सांगा, हात दिसला म्हणून थांबू नकोस, पळत रहा.