ओक पार्कमधलं राइट यांचं घर

प्रश्न : मुलाकडे शिकागोला जाणार आहोत. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांचं ओक पार्क या उपनगरातलं घर आणि स्टुडिओ पाहायचा आहे. किती वेळ लागेल? यजमानांचे गुडघे दुखतात, त्यांना जमेल का?

उत्तर : आत फक्त गाईडसोबत, ठरलेल्या वेळेलाच सोडतात. फेरी साधारण तासाभराची असते. तिकीट आधीच ऑनलाइन काढा आणि काढताना वास्तूचं नाव नीट वाचा. राइट यांच्याच रॉबी हाऊसची तिकिटंही इथलीच संस्था विकते आणि ते घर शहराच्या पार दक्षिणेला आहे. चुकीचं तिकीट निघालं तर दिवस वाया जातो.

दुसरा घोळ रेल्वेचा. 'ओक पार्क' नावाचं स्टेशन ग्रीन लाइनवरही आहे आणि ब्लू लाइनवरही. तुम्ही ग्रीन लाइनने जा. ब्लू लाइनवर उतरलात तर दोन किलोमीटरहून जास्त चालावं लागेल, आणि दुखऱ्या गुडघ्यांना ते नको. ग्रीन लाइनच्या स्टेशनपासूनही पंधरा-वीस मिनिटांची चाल आहेच, तेव्हा यजमानांना मुलाने गाडीने दारापर्यंत सोडलेलं बरं.

वरच्या मजल्यावर लिफ्ट नाही, जिनाच चढावा लागतो. अडचण तिकीट काढतानाच कळवा. पण जमलं तर एवढा एक जिना चढाच, कारण या घरातली सर्वांत सुंदर खोली वर आहे : मुलांची खेळण्याची खोली, 1895 साली वाढवलेली. आधी बुटका, अंधारा बोळ आणि मग एकदम उंच, कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण करून देणारं गजपृष्ठाकार छत. बोळ मुद्दाम बुटका ठेवलाय, त्यामुळे खोली आहे त्याहून मोठी भासते. तिथला पियानोही बघा. जागा अडू नये म्हणून त्याचा मागचा भाग भिंतीतून पलीकडे काढून जिन्यावर लोखंडी पट्टीने टांगलेला आहे.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत जे दिसतं ते मूळचं आहे की नंतर केलेलं?

उत्तर : दोन्ही. राइट यांनी 1889 मध्ये, आपले मालक, वास्तुरचनाकार लुई सलिव्हन यांच्याकडून 5000 डॉलर कर्ज घेऊन घर बांधलं. स्टुडिओ 1898 चा. 1909 मध्ये ते निघून गेले, पुढे वास्तूत फेरफार होऊन भाडेकरू राहू लागले. 1974 ते 1987 या काळात हे फेरफार काढून वास्तू 1909 च्या रूपात आणली. म्हणून प्रत्येक खोलीत गाईडला एकच विचारा : यातलं जुनं काय आणि जुन्या फोटोंवरून पुन्हा घडवलेलं काय?

स्केचबुक उघडायचं ते स्टुडिओतल्या ड्राफ्टिंग रूममध्ये, म्हणजे नकाशे काढायच्या खोलीत. तिची अष्टकोनी गॅलरी छतापासून साखळ्यांनी टांगलेली आहे, त्यामुळे खाली मध्ये एकही खांब नाही. साखळी वर कुठे अडकवली आहे ते आधी पाहा, मगच रेखाटा. वास्तुरचनाकार मॅरियन महोनी इथेच काम करत. त्यांचे पती वॉल्टर बर्ली ग्रिफिनही इथलेच. ग्रिफिन यांचा मृत्यू मात्र 1937 मध्ये आपल्या लखनौला झाला.

बाहेर पडलात की फॉरेस्ट अव्हेन्यूने दक्षिणेला चालत जा. वाटेत राइट यांची आणखी घरं लागतात, हर्टली हाऊससुद्धा. तिथे लोक राहतात, फोटो फुटपाथवरूनच घ्या. पुढे लेक स्ट्रीटवर राइट यांचंच युनिटी टेंपल हे चर्च आहे. 2019 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते टेंपल, हे घर नव्हे. जर्नलमध्ये लिहिताना गल्लत नको.