तीन अक्षरं आणि एक लांब शब्द

प्रश्न : ताई, मी आणि माझी भाची एक खेळ खेळतो. एकाने इंग्रजीतली तीन अक्षरं सांगायची, दुसऱ्याने ती तिन्ही असलेला लांबात लांब शब्द शोधायचा. अक्षरांचा क्रम कसाही चालतो. माझी मजल आठ अक्षरांपुढे जात नाही. परवा तिने क्यू, झेड आणि एल दिली आणि मी 'क्विझ'वरच अडकलो. याला काही पद्धत असते का? आणि मोबाइलवर शोधलं तर ती लबाडी धरायची का?

उत्तर : 'क्विझ' चांगलंच होतं हो, तुम्ही ते वाढवलं नाहीत एवढंच. 'क्विझिकल' करा, मग 'क्विझिकली'. झाली ११ अक्षरं, आणि एलसुद्धा आला.

लांब शब्द अख्खा आठवत नसतो, तो जोडत न्यावा लागतो. मी शब्दकोडी रचताना आधी सगळ्यांत दुर्मीळ अक्षर धरते. दुर्मीळ कोणतं ते स्क्रॅबल या शब्दखेळाच्या सोंगट्याच सांगतात : क्यू आणि झेडला १० गुण, जे आणि एक्सला ८, 'के'ला ५. ते अक्षर असलेला छोटा, ओळखीचा शब्द घ्यायचा आणि त्याला शेपूट लावायचं. 'इक्वल'मध्ये क्यू आणि एल आहेतच. 'इक्वलाइझ' केलं की झेड आला, 'इक्वलायझेशन' केलं की १२ अक्षरं. 'ट्रँक्विल'चं 'ट्रँक्विलायझर' हेही १२, आणि दोन एल लिहिणाऱ्यांच्या स्पेलिंगने १३. 'नेस', 'मेंट', 'एबिलिटी', 'इझेशन' ही शेपटं जिभेवर ठेवा.

पण खेळाआधी कोणता शब्दकोश प्रमाण मानायचा ते ठरवा, नाहीतर भांडण नक्की. ब्रिटिश लिखाणात अशा ठिकाणी झेडऐवजी बरेचदा एस असतो. 'इक्वलायझेशन' एसने लिहिलं की तुमचा झेड गेला आणि डावही गेला. ऑक्सफर्डचे शब्दकोश मात्र झेडलाच पहिली पसंती देतात, तेव्हा भाचीसमोर तोच ठेवा.

आपण मराठी माणसं शब्द कानाने शोधतो, आणि इंग्रजीत कान दगा देतो. समजा के, डब्ल्यू आणि जी आली. 'ॲक्नॉलेजमेंट' किती जणांना सुचेल? त्यातला डब्ल्यू ऐकू येत नाही, 'ज' ऐकू येतो पण जे अक्षर त्यात नाहीच, आहेत ते डी आणि जी. मधला ई ठेवून लिहिलात तर १५ अक्षरं. म्हणून शब्द मनात उच्चारू नका, कागदावर लिहा. पी मिळाला तर 'फ' आणि 'सायको'ने सुरू होणारी सगळी ग्रीक मंडळी आठवा, त्यांचं स्पेलिंग पीनेच सुरू होतं.

दोन दुर्मीळ अक्षरं एकत्र आली की बहुतेकजण हात टेकतात, खरं तर तेव्हाच काम सोपं होतं, कारण वाटाच थोड्या उरतात. जे आणि एक्स म्हटलं की 'जक्स्टापोझिशन', १३ अक्षरं. क्यू आणि एक्सला 'एक्सक्विझिटनेस', तीही १३ (त्यातला 'झ' मात्र एसचा आहे, फसू नका). जे आणि झेडला 'जेपर्डायझिंग', १२. अवघड जातात ती एस, टी, एन अशी गरीब अक्षरं. हजारो शब्द समोर येतात आणि एकही लांब आठवत नाही.

भाची कधीतरी फुप्फुसाच्या रोगाचा तो ४५ अक्षरी शब्द काढेल, 'न्यूमोनो'ने सुरू होणारा. घाबरू नका. तो १९३५च्या सुमारास अमेरिकेतल्या कोडेवाल्यांनी मुद्दाम लांबीसाठी घडवलेला आहे, आणि माझ्या मते तो खेळात धरूच नये. धरलात तरी ४५ अक्षरांत वेगवेगळी अक्षरं फक्त १४! बी, डी, एच, वाय, काही नाही. त्यापेक्षा 'अनकॉपीराइटेबल' पाठ करा : १५ अक्षरं, एकही पुन्हा येत नाही. तसंच 'डर्मॅटोग्लिफिक्स', बोटांच्या ठशांचं शास्त्र. या दोन शब्दांत मिळून १८ अक्षरं येतात. उरतात एफ, जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड. तयारी करायची ती यांची.

आता मोबाइल. डाव संपल्यावर खुशाल शोधा, डाव चालू असताना नको. 'वनलुक'सारख्या शब्द शोधून देणाऱ्या संकेतस्थळावर तारा (*) म्हणजे 'इथे कितीही अक्षरं'. पण तारा, क्यू, तारा, झेड, तारा, एल, तारा असं टाकलंत तर त्याच क्रमाचे शब्द मिळतील. 'क्विझिकली' सापडेल, 'इक्वलायझेशन' नाही, कारण त्यात एल झेडच्या आधी येतो. तीन अक्षरांचे क्रम सहा, म्हणजे सहा वेळा शोध. कंटाळा असेल तर शब्दांची यादी एक्सेलमध्ये घ्या, शेजारच्या रकान्यात प्रत्येक शब्दाची लांबी काढा, आधी क्यू असलेले गाळून घ्या, उरलेल्यांत झेड, त्यांत एल. मॅक संगणकात अशी यादी आयतीच असते, १९३४च्या वेबस्टर कोशातली, सुमारे २ लाख ३५ हजार शब्दांची. जुनी असल्याने त्यात 'इंटरनेट' मिळणार नाही, आणि कोणी कधी वापरले असतील का अशी शंका यावी असे शब्द मात्र ढीगभर मिळतील.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नसलेला लांब शब्द कोणता?

उत्तर : रोजच्या वापरातला हवा तर 'ऱ्हिदम्स', ७ अक्षरं. वायला स्वर धरणारे कुरकुर करतील, करू द्या. एक स्वर चालणार असेल तर 'स्ट्रेंग्थ्स' घ्या, ९ अक्षरांत एकटा ई.