वाचकांचे प्रश्न : गव्हाला तांबेरा ओळखू कसा येतो?

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या काळापासून खिरीसाठी आणि पुरणपोळीसाठी खपली गव्हाचा एक पट्टा पेरला जातो. यंदा फेब्रुवारीत शेजारच्या सरबती गव्हावर तांबेरा आला. खोडावरून बोट फिरवले की विटकरी भुकटी हाताला लागत होती. खपलीच्या पानांवर मात्र टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके होते आणि भुकटी कुठेच नव्हती. वारा तोच, पाणी तेच. झाडाला ना रक्त, ना डोळे. मग शत्रू आला हे त्याला कळते कसे? हा गुण बियाण्यातून टिकतो का?
— एक वाचक, बारामती तालुका

उत्तर : आपण ते फिकट ठिपके बारकाईने पाहिलेत याचा मनापासून आनंद झाला, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या ठिपक्यांतच आहे. असा एखादा ठिपका भिंगाखाली धरला की मधोमध मेलेल्या मोजक्या पेशींचा डाग दिसतो, त्याभोवती पिवळसर वलय असते आणि वलयाच्या पलीकडे पान हिरवेगार असते. याचा अर्थ तांबेऱ्याचे बीजाणू खपलीवरही पडले होते, रुजले होते आणि पानाच्या आतही शिरले होते. खपलीने त्यांना तेथेच रोखले, आणि त्यासाठी आपल्या काही पेशी स्वतःहून मारून टाकल्या.

हे समजण्यासाठी तांबेऱ्याची रीत लक्षात घ्यावी लागते. दवाच्या ओलाव्यात बीजाणूला बारीक तंतू फुटतो, तो पर्णरंध्रातून आत जातो आणि पेशीची भिंत भेदून बोटासारखा एक शोषक अवयव आत खुपसतो. मात्र पेशीचे आतील पटल तो फाडत नाही, कारण त्याला पेशी जिवंत हवी असते. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशीवरच पोसते. पेशी मेली की तिचे अन्न तुटते, आणि झाड नेमके याच ठिकाणी तिला कोंडीत पकडते.

ओळखण्याचे काम दोन पातळ्यांवर चालते. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते, म्हणजे खेकड्याच्या किंवा कोळंबीच्या कवचात असते तेच द्रव्य. झाडाच्या शरीरात कायटिन कोठेच नसते, त्यामुळे त्याचे तुकडे पेशीच्या भिंतीलगतच्या त्याच पटलावरील ग्राहक प्रथिनांना चिकटले की कोणी परके आले आहे एवढे झाडाला कळते आणि पेशीची भिंत जाड होऊ लागते. भाताच्या झाडातील असे ग्राहक प्रथिन जपानी संशोधकांनी २००६ साली शोधून काढले. पण तांबेऱ्यासारखी मुरलेली बुरशी एवढ्याने हटत नाही. ती आपल्या शोषक अवयवातून अनेक प्रथिने पेशीत सोडते आणि ही पहिली हाक दाबून टाकते. सरबतीच्या पट्ट्यात गोष्ट येथेच संपली असणार.

दुसरी पातळी पेशीच्या आत असते. तेथे पहारेकरी प्रथिने असतात आणि त्यांतले प्रत्येक एका जनुकावरून घडते. बुरशीने सोडलेल्या अनेक प्रथिनांपैकी एखादेच प्रथिन एका पहारेकऱ्याला ओळखता येते. ते दिसले की मात्र क्षणाचाही विलंब होत नाही. गव्हाच्या एकदाणी नावाच्या प्राचीन नातलगात सापडलेल्या एसआर ३५ (‘एसआर’ म्हणजे खोडावरील तांबेऱ्याच्या प्रतिकाराचे जनुक) या जनुकाचे प्रथिन असेच काम करते. तांबेऱ्याचे ठरावीक प्रथिन त्याला भेटले की त्याच्या पाच प्रती एकत्र येऊन चाकासारखी रचना तयार होते आणि तिच्यातून कॅल्शियम पेशीत धो धो शिरते, हे २०२२ साली प्रत्यक्ष दाखवण्यात आले. कॅल्शियमचा हा लोंढा आला की ती पेशी मरते आणि आसपासच्या पेशी सावध होतात. आपण पाहिलेला ठिपका या घडामोडीचा शेवट होय.

अशा नात्याचा नियम मांडला तो हॅरल्ड फ्लॉर या अमेरिकन शास्त्रज्ञाने, आणि तोही आपल्या चटणीतल्या जवसावर. गेल्या शतकाच्या चौथ्या-पाचव्या दशकांत त्यांनी जवसाच्या वाणांचा एकमेकांशी संकर केलाच, शिवाय जवसावरील तांबेऱ्याच्या बुरशीचाही संकर केला. झाडाच्या प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकाला बुरशीत एक जोडीदार जनुक असते, असे त्यातून दिसून आले. दोघांचीही अनुवंशिकता एकाच वेळी तपासण्याची ही कल्पना मला आजही थक्क करते.

आता खपलीकडे वळू. १९२२ साली अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी खोडावरील तांबेऱ्याचे उपप्रकार ओळखण्यासाठी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला. बुरशीचा नमुना या बाराही वाणांवर टाकायचा आणि कोणता वाण बळी पडतो, कोणता टिकतो यावरून उपप्रकार ठरवायचा, अशी ती पद्धत होती. त्या संचात ‘खपली’ हा वाण याच नावाने होता. पुढे ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी खपलीचा स्टाइनवेडेल या गव्हाशी संकर केला आणि तयार झालेल्या वाणाचे नाव दोघांवरून ‘खपस्टाइन’ असे पडले. खपलीकडून आलेल्या जनुकांपैकी एसआर १३ हे जनुक २०१७ साली वेगळे करून वाचण्यात आले. तेही पहारेकरी प्रथिनाचेच जनुक निघाले, आणि त्याचा प्रभाव थंडीपेक्षा उबदार हवेत अधिक दिसतो. आपल्या पट्ट्यातील खपलीत नेमकी कोणती जनुके आहेत हे प्रयोगशाळेतील तपासणीतच ठरेल, पण हा वारसा मोठा आहे एवढे निश्चित.

हा गुण बियाण्यातून टिकतो. गव्हाचे फूल बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून घरचे निवडक बी पेरत राहिल्यास जनुक पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. बदलते ती बुरशी. पहारेकरी ज्या प्रथिनाला ओळखतो ते प्रथिन बुरशीने बदलले किंवा टाकून दिले, की जनुक शाबूत असूनही झाड आंधळे होते. राय या धान्यातून गव्हात आणलेल्या एसआर ३१ ने कित्येक वर्षे जगभरचा गहू सांभाळला. १९९८ साली युगांडाच्या शेतांत त्याला चुकवणारा तांबेरा आढळला आणि पुढच्या वर्षी त्याची खातरजमा झाली. एसआर १३ ला चुकवणारे उपप्रकारही इथिओपियात आहेत.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मैदानी उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही, तो दरवर्षी डोंगराळ भागातून वाऱ्यावर येतो, हे आग्र्याच्या प्रा. करमचंद मेहता यांनी दाखवून दिले, आणि दक्षिणेत निलगिरी व पळणीचे डोंगर हे त्याचे आश्रयस्थान आहे. त्यामुळे यंदा टिकलेला वाण पुढच्या वर्षी कोणत्या उपप्रकारासमोर उभा राहील हे शेतावर बसून ठरवता येत नाही. म्हणूनच महाबळेश्वरच्या गहू गेरवा (म्हणजे तांबेरा) संशोधन केंद्रात, जेथील थंड आणि दमट हवा तांबेऱ्याला मानवते, तेथे नवे वाण पारखले जातात. एकाच जनुकावर विसंबण्यापेक्षा एका वाणात दोन-तीन जनुके एकत्र आणणे शहाणपणाचे आहे, हे माझे ठाम मत आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खपलीचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण तयार केला आहे. तो घ्यायचा असला तरी आजोबांचे बी मोडीत काढू नका, त्याचा निदान एक वाफा राखा.

प्रश्न : हरभऱ्याच्या मर रोगालाही हेच लागू पडते का? आमच्या एका रानात मर पडली म्हणून दोन वर्षे हरभरा घेतला नाही, तरी तिसऱ्या वर्षी ती पुन्हा आली.
— एक वाचक, शिरूर तालुका

उत्तर : तत्त्व तेच आहे, पण जनुकांचा हिशेब वेगळा आहे. मर रोगाची बुरशी मातीतून मुळात शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्यांतून वर चढते. वाळू लागलेले झाड उपटून त्याचे मूळ आणि खोडाचा बुडखा चाकूने उभा चिरून पाहा. आतील लाकडात काळपट तपकिरी रेघ दिसली तर ती मरच आहे, नुसता पाण्याचा ताण नव्हे.

या बुरशीचे आठ उपप्रकार माहीत आहेत. त्यांपैकी एकाच्या विरुद्ध प्रतिकाराची तीन जनुके आढळली आहेत. त्यांतील एकटे जनुक झाडाला वाचवत नाही, मर काही दिवस पुढे ढकलते एवढेच. दोन एकत्र आली तर झाड पूर्णपणे तरते. ‘उशिरा मर येते’ असे शेतकरी ज्या वाणाबद्दल म्हणतात, त्यात बहुधा यांतले एकच जनुक असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुरी विद्यापीठाचा प्रतिकारक ‘विजय’ आणि सहज बळी पडणारा, एका देठाला दोन घाटे धरणारा ‘जेजी ६२’ यांची मुळे शेजारी ठेवून, बुरशी लागल्यावर कोणती जनुके जागी होतात याचा अभ्यास झालेला आहे.

आपल्या दोन वर्षांबद्दल सांगायचे तर ही बुरशी हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षे जिवंत राहते. त्यामुळे त्या रानात ज्वारी-बाजरीची फेरपालट अधिक काळ चालू ठेवावी, आणि पुन्हा हरभरा घ्याल तेव्हा आधीचे बी न वापरता प्रतिकारक वाणाचे प्रमाणित बियाणे घ्यावे.

प्रश्न : गच्चीतल्या गुलाबावर दर हिवाळ्यात भुरी येते. माणसासारखी झाडाला लस देता येते का? ॲस्पिरिनचे पाणी घालावे असे कोणी सांगितले.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ॲस्पिरिनची गोष्ट निराधार नाही. तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिन टोचल्यावर ते झाड विषाणूला अधिक जोमाने तोंड देते, असे १९७९ साली दिसून आले होते. झाड स्वतःच सॅलिसिलिक आम्ल तयार करते आणि एका पानाला रोग झाला की त्याच्या मदतीने उरलेली पाने सावध होतात. पण ही सावधगिरी सर्वसाधारण असते, ठरावीक रोगाची आठवण ठेवणाऱ्या लशीसारखी नव्हे. शिवाय प्रमाण चुकले तर पाने करपतात, म्हणून कुंडीत हा प्रयोग करू नये.

भुरीच्या बाबतीत एक नवल मात्र सांगण्यासारखे आहे. १९४२ साली जर्मनीत क्ष-किरणांनी बदल घडवलेल्या बार्लीत भुरी मुळीच न धरणारे झाड मिळाले. त्यात नवे जनुक आलेले नव्हते, तर एमएलओ हे असलेले जनुक बंद पडले होते. भुरीची बुरशी पेशीत शिरताना याच जनुकाचा आधार घेते. २०१४ साली चिनी संशोधकांनी गव्हातील या जनुकाच्या तिन्ही जोड्या बंद करून तसाच प्रतिकार मिळवला. गुलाबातही या कुळातील जनुके आहेत. पण तसा गुलाब हाती येईपर्यंत आपण पांढरे पडलेले शेंडे कापून कचऱ्यात टाका, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा आणि सकाळचे ऊन थेट पानांवर येईल अशी गच्चीची बाजू गुलाबाला द्या.