‘मित्सुकोशी’ स्पीडमास्टर: नुसत्या डायलवर जाऊ नका

प्रश्न: ओमेगा स्पीडमास्टरची जपानमधली ‘मित्सुकोशी’ आवृत्ती घ्यायची आहे. टोकियोत असलेल्या भाच्याने तिथल्या जुन्या घड्याळांच्या दुकानातून फोटो पाठवलेत. पांढरी डायल, आत तीन काळ्या छोट्या डायली. कागद नाहीत. अस्सल आहे हे कसं ओळखायचं?

उत्तर: कागद नसतील तर ‘मित्सुकोशी’च्या भावाने मुळीच घेऊ नका. २००३ साली टोकियोच्या मित्सुकोशी स्टोअरसाठी ओमेगाने ही फक्त ३०० घड्याळं काढली, मॉडेल क्रमांक ३५७०.३१. आतलं चावीचं १८६१ मशीन आणि ४२ मिलिमीटरची स्टीलची केस (घड्याळाचं बाहेरचं कवच) मात्र नेहमीच्या काळ्या ३५७०.५० चीच. त्यामुळे पांढरी डायल हाती आली की साध्या घड्याळाची ‘मित्सुकोशी’ करता येते, आणि तशी कितीतरी झालीही आहेत. डायल ओमेगाचीच असते, घड्याळ मात्र ते नसतं!

कागदांमधल्या वॉरंटी कार्डावर ३५७०.३१ हवं आणि त्यावरचा सीरियल नंबर लगच्या (पट्टा अडकवायच्या केसच्या टोकाच्या) मागे कोरलेल्या नंबराशी तंतोतंत जुळायला हवा.

कार्ड असलं तरी भाच्याने घड्याळ हातात घेऊन पाहावं. स्टॉपवॉच चालू करून थांबवावं आणि शून्यावर आणावं, असं चार-पाच वेळा. मधला लांब काटा दरवेळी नेमका १२ वर बसला पाहिजे. काळ्या डायलीचे पांढरे काटे पांढऱ्या डायलवर दिसत नाहीत, म्हणून डायल बदलणारा मधले काटेही बदलतो. काटा पुन:पुन्हा काढला-बसवला की त्याची नळी सैल होते आणि शून्यावर येण्याच्या झटक्याने तो किंचित सरकतो. केसाएवढा फरक दिसला तरी ‘हे घड्याळ कधी उघडलंय?’ असं विचारावं.

मग मोबाइलच्या टॉर्चचा उजेड अर्धा मिनिट डायलवर धरून अंधारात पाहावं. काटे एका तेजाने आणि डायलवरच्या खुणा दुसऱ्याच तेजाने चमकत असतील, तर ते बहुधा वेगवेगळ्या वेळचे आहेत. डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’च्या दोन्ही बाजूंना टी अक्षर असेल तर ती ट्रिटियमच्या (अंधारात चमकण्यासाठी पूर्वी वापरत त्या किरणोत्सर्गी पदार्थाच्या) जमान्यातली डायल, २००३ ची नव्हे. भिंगातून काचेच्या ऐन मध्यावर ओमेगाचं बारीक चिन्ह दिसायला हवं. नसेल तर काच बाहेरची आहे. तो मोठा दोष नाही, पण त्यावरून भाव नक्की करावा.

प्रश्न: ऑलिम्पिकसाठी निघालेल्या जपानी स्पीडमास्टरमध्येही हीच भीती आहे का?

उत्तर: बरीच कमी. ‘टोकियो २०२०’ मालिकेत पाच घड्याळं आहेत, प्रत्येकाचे २०२० नग, विक्री फक्त जपानमध्ये. त्यांच्या मागच्या झाकणावरच खेळांचं बोधचिन्ह असल्याने नुसती डायल बदलून भागत नाही. झाकण आणि कार्ड, दोन्ही पाहा.

प्रश्न: असं घड्याळ भारतात सर्व्हिसिंगला देताना काय सांगावं?

उत्तर: तोंडी काहीच नको. जॉब कार्डवर लिहून घ्या: डायल व काटे बदलू नयेत, केसला पॉलिश करू नये, काढलेला प्रत्येक भाग परत द्यावा. पॉलिशने लगच्या धारदार कडा गोल होतात आणि त्या पुन्हा येत नाहीत. काचेवरचे बारीक ओरखडे मात्र घरीच जातात, कारण ती हेसालाइट, म्हणजे ॲक्रिलिक आहे. पॉलीवॉच या काच घासायच्या पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब सुती कापडावर घ्या, दोन-तीन मिनिटं गोल घासा आणि पुसा. घासताना स्टीलवर चिकटपट्टी लावून ठेवा.