पहिल्या होम थिएटरसाठी ४० हजारांत काय घ्यावं? ५.१ चा तयार सेट, साउंडबार की सुटे स्पीकर?

तुम्ही लिहिलंय की हॉल १० बाय १४ चा आहे, बजेट ४० हजार, घरात आई-वडील धरून पाच माणसं, आणि दुकानदार ५.१ चा तयार सेट (पाच लहान स्पीकर आणि खोल आवाजाचा एक वूफर, म्हणजेच सबवूफर) घ्या म्हणून मागे लागलाय. घेऊ नका. त्या पैशात दोन चांगले स्पीकर आणि त्यांना ताकद देणारा एक बरा अॅम्प घ्या, उरलेले स्पीकर पुढच्या वर्षी येतील. हाच वाद आमच्या घरात २०१५ पासून चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही आधी लालबागला चाळीत होतो, नंतर भांडुपला वन बीएचके घेतला. बाबा गिरणीत होते. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पण त्यांचं दुसरं काम सुटलं नाही. ते कामगार रंगभूमीवर प्रॉम्प्टर होते. परळच्या दामोदर हॉलमध्ये विंगेत स्टुलावर बसायचे, मांडीवर नाटकाचं बाड आणि हातात टॉर्च. ते सांगायचे, "अख्खं वाक्य सांगायचं नसतं गं. पहिला शब्द स्वच्छ पोचला की नट पुढचं आपणच उचलतो." म्हातारपणी टीव्हीवर जुन्या नाटकांची रेकॉर्डिंग लावून बसायचे तेव्हाही त्यांचे ओठ हलत असत, नटाच्या अर्धा शब्द आधी. पण नवा चपटा टीव्ही आल्यावर ते कमी झालं. त्याचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, आवाज आधी फर्निचरवर आपटायचा आणि मग आमच्याकडे यायचा. मला बोनस मिळाला होता. म्हटलं, बाबांसाठी स्पीकर आणू.

आई म्हणाली, दाजींना बरोबर ने. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांच्या घरी आधीपासून सेट होता. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पैसे माझे, पण दुकानदार बोलणार दाजींशी. त्याने एक स्फोटाचा सीन लावला, काचेच्या शोकेसमधले रिमोट थरथरले. मी म्हटलं, "भैया, दो लोग बात कर रहे हैं, ऐसा कुछ लगाओ ना." तो म्हणाला, "मॅडम, वो तो टीव्ही पे भी सुनाई देता है." दाजी म्हणाले, "अगं, दोनाच्या किमतीत पाच मिळतायत आणि वर वूफर. वॉट बघ किती आहेत." खोक्यावर १०,००० वॉट पीएमपीओ असं सोनेरी स्टिकर होतं. घरच्या जावयाशी दुकानात वाद घालायचा नसतो. मी म्हटलं, "तुम्ही म्हणाल तसं, दाजी," आणि १८,५०० रुपये मोजले.

घरी दाजींनी स्वतः वायरिंग केलं. पाचही स्पीकर मुठीएवढे, प्लॅस्टिकचे. चार भिंतींवर, एक टीव्हीखाली, आणि वूफर दिवाणाशेजारच्या कोपऱ्यात. पहिल्या रात्री तोच स्फोट लावला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्यांचं नाटक लावलं. थोड्या वेळाने ते पुढे वाकले, कानामागे हात धरला. "काय म्हणाला तो?" असं तीनदा विचारलं. मी आवाज वाढवला. नुसतं घुमायला लागलं. बाबांनी मांडीवरचा नॅपकिन उलगडून पुन्हा घडी घातला. ओठ मिटलेलेच होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "राहू दे, टीव्हीचाच आवाज लाव."

कारण मला खूप नंतर कळलं. अडीच-तीन इंची कोनचा, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचा, तो डबा साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवूच शकत नाही. आणि पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर ८५ ते १८० हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे तो सगळा भाग वूफरकडे ढकलला जातो आणि टीव्हीखालून फक्त वरचा पातळ आवाज येतो. नटाची छाती दिवाणाशेजारी आणि ओठ टीव्हीखाली. आवाज वाढवला की छाती वाढते, शब्द तिथेच राहतात. सिनेमा असो की नाटक, गोष्ट संवादातून कळते. मागच्या भिंतीवर पाऊस वाजला नाही तरी काही अडत नाही, "काय म्हणाला?" असं विचारायची वेळ आली तर मात्र सगळं अडतं.

वॉटचंही तेच. पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, या आकड्याला कसलंही प्रमाण नाही, छापणारा वाटेल तो छापतो. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, बघा, आणि त्याहून महत्त्वाची म्हणजे स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, तेवढ्याच वॉटला तो किती मोठ्याने वाजतो ते. आवाज ३ डेसिबलने वाढवायला अॅम्पची ताकद दुप्पट लागते. म्हणजे ८५ डेसिबलच्या स्पीकरला ९१ च्या स्पीकरइतकं वाजवायला चौपट वॉट हवेत. आणि १० बाय १४ च्या हॉलमध्ये साधं बोलणं ऐकायला एखाद-दुसरा वॉट पुरतो. दाजींच्या १०,००० मधले बाकीचे कुठे जातात, हे मी त्यांना प्रत्येक सणाला विचारते.

२०१६ च्या मे महिन्यात मी एकटीच गेले, पार्ल्याला एका गृहस्थांकडे. ते मुलाकडे परदेशी चालले होते, त्यांना लाकडी बुकशेल्फ स्पीकरची (फळीवर किंवा स्टँडवर ठेवायच्या लहान स्पीकरची) जोडी विकायची होती. साडेसहा इंची वूफर, म्हणजे स्पीकरमधला मोठा कोन, त्याला रबरी कडा. ही कडा नीट बघा, कारण मुंबईच्या दमट हवेत फोमची कडा दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावलं तर पीठ हाताला येतं. रबर टिकतं. मागच्या स्क्रूंवर हिरवा थर चढलाय का आणि कॅबिनेटचे खालचे कोपरे फुगलेत का तेही बघा, एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या भुशाची फळी, पाणी पितं. मी पर्समधून पेन्सिल सेल नेला होता. त्याची दोन टोकं स्पीकरच्या लाल-काळ्या टर्मिनलना क्षणभर टेकवायची, टक् असा आवाज येतो आणि कोन हलतो. लालला प्लस लावल्यावर दोन्ही स्पीकरचे कोन बाहेरच्या बाजूला यायला हवेत. एक आत गेला तर आतली जोडणी कोणीतरी उलटी केलीय, आणि मग दोघांच्या मधोमध उभा राहणारा आवाज विस्कटतो. ते गृहस्थ चष्मा लावून बघत बसले होते, त्यांनी हे कधी केलं नव्हतं. ११ हजारांत दोन्ही स्पीकर दिले आणि वर एक जुना स्टिरिओ अॅम्प ५ हजारांत.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातले दोन स्टूल टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, त्यावर स्पीकर, तोंडं थोडी आत वळवून. भिंतीपासून वीतभर पुढे. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, साधारण तेवढंच बाबांपर्यंत. मग तेच नाटक लावलं. पहिला प्रवेश संपायच्या आत बाबांचे ओठ हलायला लागले. आई भाजी निवडत होती, तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता पुन्हा निवडायला लागली.

तर तुमच्यासाठी: साडेपाच ते साडेसहा इंची वूफरचे दोन बुकशेल्फ. वॉर्फडेल डायमंड किंवा पोकसारख्या कंपन्यांच्या लहान जोड्या ऐका, जुन्या बाजारात आपल्या कोलकात्याच्या सोनोडाइनचे मिळाले तर तेही. नवा एव्हीआर (आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा अॅम्प) बजेटचा निम्म्याहून जास्त भाग खाईल, म्हणून तो वापरलेला घ्या, एचडीएमआय एआरसी असलेला, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय वायरने येतो. एक गोष्ट न विसरता करा: एव्हीआरच्या सेटिंगमध्ये सेंटर (मधला संवादांचा स्पीकर), सराउंड (मागचे) आणि सबवूफर 'नाही' असं सांगा. म्हणजे तो सेंटरचे संवाद डाव्या-उजव्यात वाटून देतो. नाही सांगितलं तर संवाद नसलेल्या स्पीकरला जातात आणि माणसं नुसतं तोंड हलवताना दिसतात. साधा स्टिरिओ अॅम्प घेतलात तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाज 'पीसीएम' या साध्या पर्यायावर ठेवा. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. हॉलभर पुरते, महाग वायर घेऊ नका.

पुढची खरेदी या क्रमाने: आधी त्याच मालिकेतला सेंटर, मग सबवूफर, मागचे दोन सगळ्यात शेवटी. सबवूफरची घाई नकोच. १० फुटी अंतरात ५६ हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, १४ फुटी लांबीत ४० च्या आसपास, आणि ती घुमी स्लॅबमधून खालच्या घरात उतरते. रात्री १० ते सकाळी ६ रहिवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि त्याआधी खालच्या काकू आहेतच.

साउंडबारबद्दल विचारलंत. टीव्हीखाली ठेवायचा तो एकच लांब स्पीकर. तयार सेटपेक्षा बरा, पण सुट्या स्पीकरसारखा हवा तसा वाढवता येत नाही. भाड्याने राहत असाल, दर ११ महिन्यांनी घर बदलत असाल, तर मात्र साउंडबारच घ्या.

आणखी एक कबूल करायला हवं. दोन स्पीकरमधून येणारा मधला आवाज फक्त मधोमध बसणाऱ्याला नीट मिळतो. बाबा एकटे मधे बसायचे. तुम्ही पाच जण आहात, कडेला बसणाऱ्याला आवाज जवळच्या स्पीकरमधून येतोय असं वाटेल. म्हणून सेंटर दोन-तीन वर्षं टाळू नका, सहा महिन्यांत घ्या.

आणि हो, २०१८ मध्ये बाबांचे कान तपासले. वयाने वरचे सूर कमी ऐकू येत होते, स, श, च, ट ही अक्षरं जिथे असतात ते. मशीन लागलं. दाजी लगेच म्हणाले, "बघ, सेटचा दोष नव्हता." दाजी, मशीन १८ मध्ये आलं, लाकडी स्पीकर १६ मध्ये. मधली दोन वर्षं बाबा त्याच कानांनी ऐकत होते आणि प्रॉम्प्ट करत होते. तरीही तुमच्या घरातल्या मोठ्यांना ऐकायला त्रास होत असेल तर स्पीकरच्या आधी कान तपासून घ्या, तो खर्च पहिला.

दुकानात जाताना मोबाइलमध्ये तुमच्या वडिलांच्या आवडीचं एखादं भाषण किंवा नाटकाचा प्रवेश घेऊन जा, जमलं तर वडिलांनाही न्या आणि मधल्या खुर्चीवर त्यांना बसवा. दुकानदाराला स्फोट लावू देऊ नका. आणि निघण्याआधी घरी ते नेहमीच्या जागी बसले असताना त्यांचा कान जमिनीपासून किती इंचांवर येतो ते टेपने मोजा. स्टँड असा घ्या की ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा कोन, तेवढ्या उंचीवर येईल. बाबांचा ३७ इंच होता.