बोटीच्या जुन्या पंपाचं थ्रीडी स्कॅन करून घेतलं, पण व्हीएमसीवाला (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर धातू कापून पार्ट बनवणारा) म्हणतो ही फाइल चालत नाही. आता काय करावं?

तुम्हाला मिळालेली फाइल एसटीएल असणार. तिच्यात लाखो बारीक त्रिकोण असतात आणि त्यातून वस्तूचा वरचा आकार तेवढा दिसतो. भोक कुठलं, व्यास किती, सपाट बाजू कोणती, यातलं काही त्या फाइलीत नसतं. मापं मिलिमीटरमध्ये आहेत की इंचात, हेही नसतं. व्हीएमसीवाल्याला स्टेप फाइल लागते, तिच्यात भोकं, सपाट बाजू हे सगळं नेमक्या मापाने असतं. एका क्लिकमध्ये स्टेप करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. तेच त्रिकोण नव्या नावाने हातात येतात. स्कॅन खाली ठेवून त्यावर मॉडेल नव्याने बांधावं लागतं. त्यासाठी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एवढ्या कामाला पुरतं.

मी रत्नागिरीत हेच काम करतो. मिरकरवाड्याच्या बोटींचे पार्ट येतात ते खाऱ्या पाण्याने खाल्लेले, झिजलेले. स्कॅनर ती झीज इमानदारीने टिपतो. तुम्हाला मात्र पार्ट नवा असताना कसा होता ते हवंय, आणि ते ठरवायला माणूसच लागतो.

समजा, गनमेटलच्या (तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या) पंप बॉडीत बेअरिंगचा बोअर, म्हणजे बेअरिंग बसतं ते भोक, स्कॅनमध्ये एकीकडून ५२.२ आणि दुसरीकडून ५२.४ मिमी दिसतोय. इथे सरासरी काढायची नाही. जुनं बेअरिंग पुसा आणि त्यावरचा नंबर वाचा. ६२०५ असेल तर बाहेरचा व्यास ५२, आतला २५, रुंदी १५. म्हणजे बोअर ५२ चाच, वर फार तर ०.०३ ची सूट. हातात धरायच्या स्कॅनरवर एवढ्या बारीक मापासाठी विसंबू नये, तिथे मायक्रोमीटर आणि बोअर गेजच हवं. आटेही स्कॅनवरून काढायचे नाहीत, पिच गेज लावून बघायचे. बोल्टच्या भोकांमधली अंतरं कव्हरवरूनही ताडून घ्या.

मग स्कॅनचा उपयोग कुठे? व्हर्निअर जिथे टेकतच नाही तिथे. पाणी फिरतं ती आतली वळणं, पाणी ढकलणाऱ्या पंख्याची (इम्पेलरची) पाती. पंख्याचं तर सगळ्यात कमी खाल्लेलं एक पातं निवडायचं, तेवढंच नीट बांधायचं आणि अक्षाभोवती फिरवून बाकीची घ्यायची. सगळी पाती आहेत तशी उतरवलीत तर पंखा बॅलन्स होणार नाही, शाफ्ट थरथरेल.

स्कॅनआधी क्षाराचे थर खरवडून काढा, चकाकणाऱ्या भागावर मॅट स्प्रे मारा. बॉडी नव्याने ओतून घेणार असाल तर पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो नमुना, मोठा लागतो. गनमेटल थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, २०० मिमीला ३ मिमी. नंतर मशीनवर कापायला ठेवायची जादा जाडी वेगळी.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीत बोट वर ओढलेली असते, इंजिन उघडलेलं असतं. तेव्हाच कव्हर, शाफ्ट, बेअरिंग, सगळं एका पिशवीत घालून डिझाइन करणाऱ्याकडे न्या. नुसती बॉडी देऊन येऊ नका.